आतोबांचे स्वल्पविराम

आमच्या आतोबांइतक्या थाटात दमा अख्ख्या बदलापुरात कुणी बाळगला नसेल. लोक दुखणं लपवतात. धाकट्या आत्याचे हे यजमान मात्र दम्याबद्दल घरी जावई आल्यासारखे बोलत. "आज स्वारी पहाटेच आली. दुपारपर्यंत हलायची नाही!" हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या ओटीवर धोत्र्याच्या पानांचा धूर कायमचा. येणारा-जाणारा एकेक औषध सांगे आणि आतोबा सगळ्यांना मान डोलवत, कारण नाही म्हणायलाही दम लागतो! अंबरनाथच्या कारखान्यातली कारकुनी दम्यापायीच सुटली होती. आत्या शिवणकामावर घर चालवी आणि हे उशीला टेकून बसत. "मी म्हणजे घरातलं बंद घड्याळ," ते हसत म्हणत. "टकटक तेवढी चालू, वेळ काही कळत नाही." ते हसत, पण आत्याचं मशीन मात्र तेवढ्यापुरतं थांबे.

आणि एक दिवस हे गृहस्थ लिहायला लागले. पाठकोऱ्या कागदांवर, आपल्या दम्यावर! लेखाचं नाव 'दमानं घ्या'. मी तेव्हा शाळेत नुकतीच मराठी शिकवायला लागले होते आणि लाल पेन्सिल अंबाड्यात खोचून हिंडत होते. लेख तपासायला माझ्याकडे आला. पहिलंच वाक्य: 'जिना चढताना, तिसऱ्या पायरीवर, मी थांबतो, आणि, उगाच, खिशात, काहीतरी शोधतो.' अरे देवा, स्वल्पविराम होते की मुंग्या! मी एकूण एक खोडले. आतोबांनी कागद पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर भडकले. "अगं ए पंतोजीण! ते स्वल्पविराम नाहीत. तिथं, मी, श्वास घेतो!"

मलाही राग आला. व्याकरण म्हणजे काय पोरखेळ आहे? त्यांनी लेख पुन्हा जसाच्या तसा लिहून काढला आणि कल्याणच्या एका साप्ताहिकाला धाडला. संपादकांचं उत्तर आलं: मजकूर झकास आहे, स्वल्पविराम काढा, लगेच छापतो. मी मनातून खूश. आत्या म्हणाली, "घाला चुलीत ते स्वल्पविराम! नाव तरी छापून येईल." आतोबांनी दोन दिवस ते पत्र उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी कोट चढवून मला म्हणाले, "कल्याणला, चल. धरायला, कुणीतरी, हवं."

छापखाना माडीवर. ते बावीस जिने, चुकले, बावीस पायऱ्या चढायला आम्हांला पाव तास लागला. संपादक भारदस्त, खणखणीत आवाजाचे. आतोबांनी त्यांच्यापुढे मी खोडलेला कागद ठेवला. "मोठ्यानं, वाचा. जिथं चिन्ह नाही, तिथं, श्वास, घ्यायचा नाही." संपादकांनी मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. पाचव्या ओळीला आवाज चिरकला, सहाव्या ओळीला डोळे पांढरे झाले! तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले बिचारे.

"तुमचं, पाण्यावर भागलं," आतोबा म्हणाले. "दम्याच्या माणसाला, वाचता यावं, म्हणून, लिहिलंय हे."

संपादकांनी तोंड पुसलं आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला हाक मारली. लेख छापून आला, एकूण एक स्वल्पविरामासकट. छापखान्यातले स्वल्पविरामाचे सगळे खिळे त्यातच संपले, त्यामुळे उरलेल्या अंकात औषधाला एक नाही! लग्नाच्या आमंत्रणात वधू-वर, मामा, आत्या सगळे एकमेकांना चिकटून उभे.

आठवड्याभरात विठ्ठलवाडीच्या निर्वासितांच्या छावणीतून एक वयस्क सिंधी गृहस्थ घर विचारत आले. त्यांनाही दमा. दोघं ओटीवर हातात हात घेऊन दहा मिनिटं नुसते धापा टाकत बसले. मग पाहुणे म्हणाले, "साईं, पडोसी ने पढ़ के सुनाया. ये तो, मेरी छाती ने, लिखा है." आत्या चहा घेऊन दारात उभी होती. आतोबा तिच्याकडे वळले. "ऐकलंस? घड्याळ, वेळ, दाखवायला लागलं!" आत्या चहा हातातच धरून रडली. त्यानंतर आतोबांनी पुष्कळ वर्षं लिहिलं, आणि कुणाची छाती झाली नाही त्यांच्या चिन्हांना हात लावायची.

आतोबा जाऊनही आता फार वर्षं झाली. मी म्हातारी झाले. परवा स्टेशनचा पूल चढताना तिसऱ्या पायरीवर थांबले आणि लोक बघतात म्हणून उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले. मग एकदम हसू आलं, डोळेही भरले.

बरोबर जागी होते हो, आतोबा. लाल पेन्सिल, माझीच, चुकली.