आधीचा रकाना

थळला आमच्याकडे दर मंगळवारी अलिबागहून स्कूटरवर एक ताई येतात. माझी मुलगी बारा वर्षांची. बोलत नाही, आणि बिनसलं की भिंतीवर डोकं आपटते. ती असं का करते हे शोधणं ताईंचं काम. पण 'का' असं त्या कधी विचारत नाहीत. चपला काढून उंबऱ्याजवळ जमिनीवर बसतात, चहाला नको म्हणतात आणि एकच विचारतात, "त्याच्या आधी काय झालं?" पोलिसानेही इतक्यांदा विचारलं नसतं. मला त्याचा राग यायचा.

त्या मंगळवारी त्या दारात पोचल्या तेव्हा आपटणं सुरू झालेलं होतं. मी ओरडत होतो, माझी आई रडत होती. ताई धावल्या नाहीत. शांतपणे जाऊन त्यांनी आपला उजवा तळहात डोकं आणि भिंत यांच्यामध्ये धरला. दर वेळी त्यांच्या हाताची पाठ भिंतीवर वाजत होती. आम्हाला त्यांनी नुसत्या मानेने गप्प केलं.

बऱ्याच वेळाने पोर थांबली. ताईंनी वही उघडली.

"त्याच्या आधी काय झालं?"

मी आईकडे बघितलं. ती खाली बघून म्हणाली, "पोरीनं मासे धरायच्या जाळ्याचे तरंगते बोये दारात रांगेनं मांडलेले. तुमी येनार म्हनून मी उचलून ठेवले."

सुजलेल्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात ताईंनी 'आधी काय झालं' या रकान्यात लिहिलं: मी येणार होते.