दत्त्या, म्हातारीची गाय सोड!

मी हिंदी सिनेमात पडण्याचं काम करत असे. (सिनेमेही पडत, पण त्यात माझा हात नसे. मी स्वतः पडायचो!) जिन्यावरून, घोड्यावरून, गवताच्या गंजीवरून आणि एकदा तर पडायला काही सापडेना म्हणून नुसताच उभ्या जागी. पोलादपूरकडच्या डोंगरात शेताच्या बांधांवरून घसरत लहानाचा मोठा झालो होतो, त्यामुळे लागत नसे. मुंबईला गिरणीत नोकरी करताना शेजारच्या खोलीतल्या सुताराबरोबर एकदा स्टुडिओ बघायला गेलो. तिथल्या दिग्दर्शकानं माझ्या मिशा पाहिल्या, मला एका भिंतीवरून ढकलून दिलं आणि म्हणाला, "गिरता अच्छा है!" झालो मी नट.

मी कधी कुणाला जास्त काही सांगितलं नाही. ते काम तुडीलच्या माझ्या मामांनी केलं. माझ्यासाठी त्यांनी महाडचं एक स्थळ आणलं होतं. मुलीचे वडील, अण्णा, मामलेदार कचेरीत कारकून. मुलगी, शालिनी, शिकलेली. अशा घरी 'मुलगा गिरणीत असतो आणि सुट्टीत पडतो' असं कसं सांगायचं? मामांनी सांगितलं, "आमचा भाचा सिनेमात हाय. हिरोच्या बरोबरीनं असतो!"

हे अगदीच खोटं नव्हतं. मारामारीत मी हिरोच्या बरोबरीनंच असायचो.

मुलगी बघायला म्हणून मी मुंबईहून एसटीनं महाडला उतरलो, तर स्टँडवर अर्धं गाव! मामा फेटा बांधून पुढे, आई नवं लुगडं नेसून मागं.

"मामा, एवढी माणसं मुलगी बघायला?"

"मुलगी मागून. आधी तुझं पिक्चर! इथं थेटरात लागलंय. अण्णा घरच्यांना घेऊन तिथंच येणार हायत."

"कुठलं पिक्चर?"

मामांनी नाव सांगितलं आणि मी परतीची एसटी कुठं लागलीय ते बघू लागलो. त्या सिनेमात पहिल्यांदाच माझा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी दुष्ट जमीनदाराचा माणूस होतो, आणि एका गरीब म्हातारीला ढकलून तिची गाय ओढून नेत होतो!

"मामा, पिक्चर नको. सरळ घरी जाऊ, चहा पिऊ, मुलगी बघू."

"लाजतोस काय रे पोरीसारखा? चल!"

थिएटर पत्र्याचं, दुपारचा खेळ. बायकांची बसायची जागा वेगळी. तिथं एका बाकावर आई, शेजारी शालिनीची आई आणि शालिनी. पुरुषांत एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला अण्णा आणि मधे मी, घामाघूम. दिवे गेले. पडद्यावर कुणी गोरागोमटा दिसला की मामा मला कोपरानं ढोसायचे.

"हा तूच काय?"

"नाही."

"मग त्या मोटारीतला?"

"नाही हो मामा!"

मध्यंतर झालं तरी माझा पत्ता नाही. अण्णा फार सभ्य माणूस. हळूच म्हणाले, "आपण... येणार आहात ना?"

"येईन," मी म्हणालो, आणि मनात म्हटलं, मधेच वीज गेली तर किती बरं होईल!

वीज गेली नाही. मी आलो. मिशा पिळत, हातात काठी घेऊन आलो आणि "हट बुढिया!" म्हणून म्हातारीला ढकललं. आणि लगेच बायकांच्या बाकांवरून आवाज उठला,

"आगो बाय! म्हातारीला ढकलली ना ह्यानं!"

आई उठून उभी राहिली होती.

"दत्त्या! सोड! म्हातारीची गाय सोड आधी! हेच शिकवलं तुला?"

मी अंधारात म्हणालो, "आये, खाली बस, ते खोटं हाय!" पण पडद्यावरचा मी काही ऐकायला तयार नव्हतो. तो गाय ओढतच होता. आईच्या नजरेमागोमाग सगळ्या माना आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे वळल्या.

"अरे, त्योच हाय! हितं बसलाय बघ!"

मागून शेंगांची टरफलं यायला लागली. तेवढ्यात पडद्यावर हिरो आला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! त्यानं माझ्या हातून गाय सोडवली, माझी गचांडी धरली आणि मला बडवायला सुरुवात केली. अण्णाही रंगात येऊन टाळ्या वाजवू लागले. मग आपण कुणाच्या शेजारी बसलोय हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. (पण पाय ठेका धरतच होते, हे मी पाहिलं.)

इकडे आईचा पक्ष बदलला.

"अरे मेल्या, पुरे की आता! माझ्या पोराला जिवं मारतोस काय? गाय दिली ना त्यानं परत!"

"मावशी, अजून दोन बसू देत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तू ये पुढं, तुला दावते!" आई त्याच्याकडे वळली.

शेवटी हिरोनं मला उचलून उकिरड्यात फेकलं. मी पडलो मात्र सुंदर! पण ते बघायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

बाहेर आलो तर पाचाडकडची एक म्हातारी दारातच उभी. तिनं हातातली पिशवी माझ्या पाठीत घातली आणि विचारलं, "कुणाची गाय नेतोस रे? लाज नाय वाटत?" पिशवीत सुके बोंबील असावेत. तो वास अंगावर घेऊन मी मुलगी बघायला गेलो.

अण्णांच्या घरी सगळे माझ्यापासून हातभर लांब बसले. मामांचा फेटासुद्धा जरा खाली आल्यासारखा वाटत होता. आई कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसली होती. शालिनी पोहे घेऊन आली, बशी माझ्या हातात दिली आणि आत गेली. मला ती फार आवडली, आणि त्यामुळेच बोंबलाचा वास आत जाऊ नये म्हणून मी बशी घेऊन खिडकीशी सरकलो.

अण्णांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे... पत्रिका पुन्हा एकदा दाखवून घ्यावी म्हणतो."

म्हणजे नकारच! मी उठायच्या बेतात होतो. तोच आतून शालिनीचा आवाज आला, "अण्णा, पत्रिका कशाला? मला पसंत आहेत."

"अगं, पण पाहिलंस ना सगळं?"

ती दारापर्यंत आली. "पाहिलं की. त्या माणसानं यांना एवढं बदडलं, उकिरड्यात टाकलं. यांनी एकदा तरी उलटून हात उचलला?"

अण्णांनी विचार केला. मामांनी केला. मीही केला.

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग? असा नवरा शोधून सापडेल का?"

लग्न झालं. मुंबईला बिऱ्हाड केलं. पुढेही मी सुट्ट्यांत मार खात राहिलो आणि शालिनी माझा प्रत्येक सिनेमा कौतुकानं बघत राहिली. मग एकदा नशीब उघडलं. एका दिग्दर्शकानं मला हिरोला एक ठोसा मारू दिला! आख्ख्या कारकिर्दीतला एकमेव ठोसा. तो दाखवायला मी तिला नव्या पातळात थिएटरात घेऊन गेलो. ठोसा बसला. मी अभिमानानं तिच्याकडे पाहिलं.

ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "लग्नाच्या वेळी असलं काही ठरलं नव्हतं हं!"

त्यानंतर मी कुठल्याही हिरोवर हात उचलला नाही. (कुणी उचलायला सांगितलाही नाही म्हणा!)