उघडी मान

गरम कपड्यांच्या त्या दुकानात लोकरमामा चौतीस वर्षं एकाच काउंटरमागे उभे होते. दुकानात अस्सल माल असे तसा मिश्र धाग्याचाही असे. मामा स्वेटरची कड दोन बोटांत चोळायचे, की निकाल तयार. आतली चिठ्ठी वाचायला त्यांनी कधी चष्मा लावला नाही. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

पण या थंडीत बोटांनी दगा दिला. टोकं पार बधिर झाली. सकाळी शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून द्यायची. दुकानात मात्र मामांनी हूं की चूं केलं नाही. बोटं गेली म्हणजे काउंटर गेलं. मग उरलं काय? खोकी उचलायला कंबर नव्हती, आणि घरी नुसतं बसायचा स्वभाव नव्हता.

एका सकाळी पोस्टातली बाई आली. जुनं गिऱ्हाईक.

"मामा, बाबांसाठी स्वेटर द्या. दिवसभर हात काखेत घालून कुडकुडत बसतात. पण टोचणारा नको हं, लगेच काढून फेकतात."

मामांनी एक राखाडी स्वेटर चोळून पाहिला. काहीच कळलं नाही. तोंड मात्र सवयीनं बोलून गेलं, "शुद्ध लोकर. गार पाण्यात, थोड्या साबणात हलकेच दाबून धुवा. पिळू नका. दोरीवर टांगू नका, नाहीतर बाबांच्या गुडघ्यापर्यंत येईल. टॉवेलवर पसरून वाळवा."

"आणि चुकून गरम पाण्यात गेला तर?"

"तर नातवाला घाला."

बाई हसत हसत गेली.

घडी घालताना त्या स्वेटरचा एक धागा मामांच्या बाहीला चिकटला होता. चहा ठेवायला मागच्या खोलीत गेले तेव्हा तो दिसला. जुन्या खोडीनं त्यांनी तो ज्योतीला लावला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राखेचा चिमटीत भुगा होतो. हा धागा वितळला. टोकाला काळा, टणक मणी झाला.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? मामांच्या शब्दापुढे चिठ्ठी कोण वाचतं? बाई म्हणाली असती, बाबांची कुरकुर काही संपत नाही. आणि म्हातारा कुडकुडत राहिला असता.

चहा तसाच सोडून ते मालकीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले. या ताईंना मामांनी फ्रॉकमध्ये पाहिलं होतं.

"ताई, पोस्टातल्या बाईंना चुकीचा माल दिला. आणि पुन्हा देईन. बोटं मेलीत माझी."

"कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून."

"आणि सांगताय आज!" ताई चिडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आता बदलून कुठला देणार? ओळखणार कसा?"

"टोचतो की नाही, ते चिठ्ठीवर नसतं," मामा म्हणाले. त्यांनी गळ्यातला मफलर सोडला, फळीवरचा एक स्वेटर उचलला आणि मानेवर ठेवला. "हा नाही. ऊब नाही." दुसरा ठेवला. "हाही नाही. टोचतो." तिसरा ठेवून डोळे मिटले. "हा. उबदार, आणि मऊ आहे."

ताईंनी तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या; जुळत होत्या. तरी भरवसा वाटेना, म्हणून तिसऱ्याच्या आतल्या शिवणीतला धागा जाळला. केस जळल्याचा वास दुकानभर पसरला.

"जा, देऊन या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या वेळेवर या."

बाईच्या घरी बाबा तो राखाडी स्वेटर घालून, हात काखेत घालूनच बसले होते. मामांनी चूक सांगितली तसे ते मुलीवर उखडले, "बघ! मी म्हणत होतो, नुसतं वजन आहे, ऊब नाही. पण हिला तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

मामांनी मान खाली घातली. राखाडी उतरवून बदलून आणलेला स्वेटर त्यांनी स्वतः म्हाताऱ्याच्या डोक्यातून घातला. मग बाबांचे हात काखेतून बाहेर आले आणि त्यांनी शेजारचं वर्तमानपत्र उचललं.

तेव्हापासून मामा दुकानात उघड्या मानेनं उभे राहू लागले. बायकोनं ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "जगाला मफलर विकता आणि स्वतः गारठता? रस्त्यात तरी गुंडाळा!"

रोज सकाळी ती मफलर गुंडाळून देते. शर्टाची बटणंही लावते, फक्त सगळ्यात वरचं तेवढं सोडून.