गिरिजानं गाळलेलं कडवं

आमच्या घरी कोळसा कधी विकत आला नाही. परळीत थर्मलच्या, वीजकेंद्राच्या, सायडिंगला मालगाडी उभी राहायची, तिच्यातून जो खाली सांडायचा तो आई वेचून आणायची. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. मी आठवीत असताना त्यांची पाठ गेली, तेव्हापासून ते खाटेवर आणि घर आईच्या टोपल्यावर. कोळशाला दोन हॉटेलं आणि चार घरं ठरलेली होती. सुट्टीच्या दिवशी मीही जायची. राखेनं सगळं करडं झालेलं असायचं, कोळसा कुठला अन् दगड कुठला ते डोळ्यांना कळत नसे. आई हातात घेऊन सांगायची. जड लागला की दगड, टाक. हलका लागला की कोळसा, घे. वॉचमन दिसला की टोपलं तिथंच सोडून पळायचं, हेही तिनंच शिकवलं. घरी आल्यावर धुण्याच्या सोड्यानं हात घासायचे. कातडं निघायचं, नखांतलं काळं निघायचं नाही. कॉलेजची तीन वर्षं मी मुठी मिटून बाकावर बसले. मुलींनी विचारलं तर वडील थर्मलला आहेत, आई घरीच असते, असं सांगायची. आज माझ्या नावापुढं बी. ए., बी. एड. लागतं आणि हे लिहायला मला काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं, आणि फार वाटायचं.

हे सगळं खरं फक्त एका मुलीला माहीत होतं. दीड महिन्यापूर्वी, इथं बीडला शाळेत माझा तिसरा तास चालू होता, तेव्हा ऑफिसात तिच्या भावाचा फोन आला. म्हणाला, "शोभाताई, गिरिजाताई गेली सकाळी." कावीळ होती, उशिरा कळली. मी फोन ठेवला, वर्गात परत गेले आणि राहिलेला धडा पुरा केला. सहा वर्षं मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. जिच्याशी आपण बोलत नाही तिच्यासाठी तास सोडून कसं रडायचं, ते मला कळेना…

गिरिजाच्या घरचं वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ बेल-फुलांचं दुकान. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला ती माझ्या शेजारी येऊन बसली ती तिसऱ्या वर्षापर्यंत. गळा तिला मठातल्या भजनांनी दिलेला. घरात सगळे लिंगायत रीतीचे, देवभोळे, आणि ही पोरगी गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणायची. दुकानात बेल निवडत बसली की तिचं खरं गाणं चालायचं. एक पान उचलायचं, पदराला पुसायचं, तीन पानं धड असली तर परडीत, फाटकं असलं तर बाजूला. त्या उचलण्या-पुसण्या-ठेवण्याला एक ठेका होता आणि त्या ठेक्यावर ती स्वतःचे शब्द बसवायची. ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, हे स्टेजवर चालायचं नाही. तिनं ऑर्केस्ट्रा सोडला. का सोडलास म्हणून मी चिडले तर म्हणाली, "दुसऱ्याच्या गळ्यातलं लई गायलं गं. आता आपल्या गळ्यातलं बघू."

मग तिनं एकटीनं कॅसेट काढली. त्या वर्षी आमच्या गल्लीत केबलची वायर आली होती, चौकात एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, आणि स्टेशन रोडला प्रत्येक टपरीवर कॅसेटी लटकत होत्या. लातूरला एका खोलीत, भिंतींना गाद्या लावून, दोन दिवसांत तिनं आठ गाणी भरली. भजनातली आळवणी, शेतात बायका म्हणतात त्या ओवीची चाल, आणि खाली कॅसिओचा तयार ठेका, तोही तिनं मुद्दाम संथ करून घेतलेला. त्याच्या जोडीला एकतारी. मठातले लोक म्हणाले, हे भजन न्हाई. ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, यावर नाचता येत न्हाई. सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांना मात्र ते आवडलं. एक गाणं शटर ओढून घरी जाणाऱ्या दुकानदारावर होतं, एक एसटीत खिडकी न मिळालेल्या नव्या नवरीवर. देवाचं गाणं एकच, पण त्यातही देवाला ती दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी बोलते. दुःखाचं गाणं गाताना तिचा आवाज रडका होत नसे. शेजारी बसून कुणी खरं सांगावं तसा यायचा. तिच्यावर राग असतानाही हे मी नाकारलं नाही.

राग का, ते सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना वर्गातल्या दोघी-तिघी आणि मी कॉलेजातून येत होतो. समोरून आई आली, डोक्यावर टोपलं, तोंडावर राख. एक मुलगी म्हणाली, "शोभा, ती बाई अगदी तुझ्यासारखी दिसती बघ." मी म्हणाले, "कोण की. मी ओळखत नाही." आई पुढं निघून गेली. तिनं ऐकलं नसावं असं मी स्वतःला समजावलं. पण घरी जायचे पाय होईनात, तशी देवळाच्या पायऱ्यांवर गिरिजाजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. टोपलं, वॉचमन, आई वेचताना ओव्या म्हणते ते, मी आत्ता काय बोलले ते. रडायचं तेवढं रडले आणि मग मला भीती वाटली. म्हटलं, शपथ घे. तिनं पिंडीवर वाहायचा बेल हातात उचलला आणि म्हणाली, "कुणाला सांगणार न्हाई." आमच्याकडं बेल उचलून दिलेला शब्द म्हणजे काय, हे परळीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

कॅसेट आली तेव्हा मी बी. एड. करून नुकती घरी आले होते आणि माझं लग्न ठरत आलं होतं. नांदूरघाटची माणसं, मुलगा साखर कारखान्यात क्लार्क. त्यांनाही वडील पूर्वी थर्मलला होते असंच सांगितलेलं. बोलणी करायला ते जीप करून आले आणि त्या जीपमध्ये गिरिजाचीच कॅसेट वाजत होती. दारात गाडी उभी राहिली तरी ड्रायव्हरनं गाणं बंद केलं नाही. ते गाणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

राखेच्या गावामधी हात झाले माझे काळे,
लेकीच्या पाटीवर पांढरे अक्षर आले.

पुढं सायडिंग होतं, टोपलं होतं, सोड्यानं घासलेले हात होते. आणि शेवटचं कडवं. भजन असो की ओवी, शेवटच्या कडव्यात रचणाराचं नाव येतं, ही आपल्याकडची जुनी रीत. गिरिजाच्या बाकी गाण्यांत तिचं नाव होतं. या गाण्यात आलं ते असं:

कौसा म्हणे बाई, जड ते टाकून द्यावं,
हलकं लागंल हाताला, तेच पदरात घ्यावं.

मुलाचे चुलते चहा पिता पिता सहज हसून म्हणाले, "योगायोग बघा, विहीणबाईंचं नावबी कौसाबाईच. ही गाण्यातली कोण म्हणायची?"

आईनं बशी खाली ठेवली. म्हणाली, "मीच हाय ती."

ते चहा संपवून उठले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी काढलीच नव्हती.

मी तशीच दुकानावर गेले. गिरिजा बेल निवडत होती. मी म्हणाले, "तू बेल उचलला होतास." ती म्हणाली, "व्हय." "मग कावून केलंस?" तिनं हातातलं पान पदराला पुसलं, बराच वेळ पुसलं. "मी सांगितलं न्हाई कुणाला, शोभे. गायलं." मी तिच्या पुढ्यातली परडी उलटी केली. ती खाली वाकून एकेक पान वेचू लागली, वर बघितलंही नाही. मला वाटलं, हिच्याकडं बोलायला तोंडच नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं संपलं. मला बीडला नोकरी लागली, वडील वारले, आईला घेऊन आले. घरात टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा आईला बजावलं, ते गाणं या घरात वाजणार नाही.

एकदाच ती दिसली. लिंबागणेशला चतुर्थीला आईला दर्शनाला नेलं होतं, तिथं मंडपात तिचा कार्यक्रम चालू होता. लोकांनी तेच गाणं मागितलं. गाता गाता तिची नजर आमच्यावर आली. शेवटचं कडवं यायच्या आधी ती थांबली, एकतारी खाली ठेवली, हात जोडले आणि आत गेली. लोक ओरडत राहिले, "कौसा ऱ्हायली, कौसा म्हणा." मी मनात म्हटलं, लाज वाटली वाटतं आता. आईला हाताला धरून बाहेर काढायला लागले तर आई जागची हलेना…

फोन आला त्याच दिवशी आम्ही दोघी परळीला गेलो. त्यांच्या रीतीनं गिरिजाला बसवून समाधी दिली. मीही मूठभर बेल टाकला. परत आल्यावर आईनं तिची ट्रंक उघडली, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात माझी बाजू चांगली दिसत नाही.

गाणं गिरिजानं मागितलंच नव्हतं. आई देवळाजवळच्या हॉटेलात कोळसा टाकायला जायची, टेकायला गिरिजाच्या दुकानाच्या पायरीवर बसायची. मी बी. एड.ला अंबाजोगाईला होते ते वर्ष. गिरिजा कॅसेट काढणार कळल्यावर आईनंच तिला म्हटलं, माझ्या ओव्या घे आणि खाली माझं नाव टाक. गिरिजा नको म्हणाली, दोनदा म्हणाली. शोभाला विचारा, मी बेल उचललाय, म्हणाली. आईनं तिला सांगितलं, "बेल तू उचललास, मी न्हाई. गाणं माझं हाय."

मी आईला विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"तू मला रस्त्यात ओळखलं न्हाईस, बाई," आई म्हणाली. "म्हणलं, परळी तरी ओळखंल."

ऐकलं होतं तिनं. त्या दिवशी, टोपल्याखालून, सगळं ऐकलं होतं.

लग्न मोडल्यावर मात्र आई घाबरली. हे माझं काम आहे असं कळलं तर पोरगी मला टाकील, अशी भीती तिच्या मनात बसली. मी परडी उलटी केली त्याच संध्याकाळी ती दुकानावर गेली होती. गिरिजा तिला म्हणाली, "राग माझ्यावरच ऱ्हाऊ द्या, काकू. मी इथं दुकानात बसूनच हाय. तिला जायला घर एकच हाय." आणि सहा वर्षं त्या दोघींनी हा शब्द पाळला. त्याला कुणाला बेल उचलावा लागला नाही.

लोक म्हणतील, आता तरी राग गेला असेल. गेला नाही. मला फसवलं गेलं, आणि फसवणाऱ्या दोघी मला सर्वांत जवळच्या होत्या. गिरिजानं एकदा नुसतं "काकूंना विचार" म्हटलं असतं तर आमची सहा वर्षं वाचली असती. माझ्या वतीनं तिनं ठरवून टाकलं की मला हे पेलणार नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला ते पेललं नसतं, हेच मला जास्त टोचतं. लिंबागणेशला ते कडवं तिनं लाजेनं गाळलं नव्हतं. आईला दिलेला शब्द ती तिथंही सांभाळत होती, माझ्यादेखत कौसाचं नाव तिनं काढलं नाही, आणि शेजारी उभी असलेली आई ते कडवं मनात म्हणत होती.

आता कळतं, दर गुरुवारी आई खालच्या टेलरकडं ब्लाउज उसवायच्या निमित्तानं का जाते. त्याच्या टेपवर ती ही कॅसेट ऐकते. गेल्या गुरुवारी मी तिला जाऊ दिलं नाही, आपल्याच टेपवर लावली. फीत सैल झाली होती, आईनं पेन्सिल घालून गुंडाळली. सराईत हातानं गुंडाळली, बघत राहावं अशी. गाणं लागलं तशी ती तांदूळ घेऊन निवडायला बसली आणि मी पहिल्यांदाच कॅसेटवरचा कागद नीट उघडून वाचला.

गिरिजानं आयुष्यात एकच कॅसेट काढली. तिच्यात आठ गाणी आहेत. सात तिची आहेत, एक कौसाबाईचं आहे, आणि तसं त्यावर छापलेलं आहे.