पोर निजलंय

निजामाच्या अख्ख्या राज्यात शेंबड्या पोरांना 'तुम्ही' म्हणणारा पोलीस एकच होता, आणि तो आमच्या नळदुर्गात, आमच्याच गल्लीत राहत होता, असं मी छातीठोक सांगते. आम्ही त्यांना जमादारचाचा म्हणायचो. मिशा अशा, की म्हशींनीसुद्धा वाट सोडावी. पण पोराशी बोलायचं झालं, की स्वारी आधी कमरेचा पट्टा काढून खुंटीला अडकवायची आणि मग जमिनीवर मांडी घालायची. शिवाय पोराची आई हजर पाहिजे. आंबे चोरले म्हणून कुणी पोराला कान धरून ठाण्यावर आणलं, तर चाचा आधी कान सोडवायचे, मग विचारायचे, "जेवलात का?" पोर न्हाय म्हणालं की तपास बंद. चाचांच्या घरून भाकरी येईपर्यंत आंब्यांचा मालक तोंड पाडून उभा. सगळं ठाणं त्यांना हसायचं, आम्हीही हसायचो.

माझे वडील निजामाविरुद्धच्या चळवळीत होते, पोलीस त्यांच्या मागावर. ते एका मळ्यात लपले होते आणि चळवळीतले सगळेच निसटायचे तसे, दिवस मावळला की निजामाच्या राज्याबाहेर, सोलापूरच्या हद्दीत निसटणार होते. मळा कुठला, हे आईखेरीज फक्त दादाला ठाऊक, कारण भाकरी तोच पोचवायचा. दादा तेव्हा नऊ वर्षांचा. ठाण्याचा मुख्य अधिकारी म्हणजे अमीनसाहेब, त्याला ह्याचा वास लागला. त्यानं छडी काढून ठेवली आणि दादाला आणायला भर दुपारी चाचांनाच धाडलं.

चाचा दारात दिसताच दादा पांघरूण ओढून आडवा झाला. सोंग तरी कसलं, पापण्या लटलट उडत होत्या! चाचांनी वाकून पाहिलं आणि शेजारी बसले.

"नक्को वैनी, उठवू नका," ते आईला म्हणाले. "निजलेल्या पोराला पोलिसानं उठवायचं नसतं."

ठाण्यावरून बोलावणं आलं, पुन्हा आलं. चाचांचं उत्तर एकच, "पोर निजलंय." दादाच्या नाकावर माशी बसली, तीही त्यांनीच हाकलली. मला हसू फुटलं, तर आईनं चिमटा काढला.

दिवस मावळल्यावर चाचा आईलाही सोबत घेऊन दादाला ठाण्यावर घेऊन गेले. छडी बघताच दादानं रडत रडत मळा सांगून टाकला. शिपाई धावले. मळा रिकामा होता.

चाचांची जमादारी गेली, दूरच्या नाक्यावर बदली झाली. निघताना आई त्यांच्या पाया पडायला गेली. "तुम्ही ह्यांना वाचवलंत, भाऊजी."

"न्हाय वैनी. एवढंसं पोर, सांगणारच. त्याचा काय कसूर? पण बापाला धरून दिल्याचं ओझं त्यानं जन्मभर वाहायचं, ते मला बघवलं नसतं."

वडील पुढं पुष्कळ जगले, दादाच्या लेकरांना अंगाखांद्यावर खेळवलं. चाचा पुन्हा कधी भेटले नाहीत. आता दादा म्हातारा झालाय, तरी चाचांचं नाव निघालं की उठतो आणि परसात जाऊन उभा राहतो.