खरा पांढरा दाखवणारा टीव्ही

आमचा जुना टीव्ही गेला तेव्हा घरात कोणाला फार वाईट वाटलं नाही. त्याच्या पडद्यावर बरेच महिने एक आडवी रेघ होती, त्यामुळे बातम्या देणारी माणसं आम्हाला कमरेत दुमडलेली दिसायची. "असल्या बातम्या देऊन माणूस दुमडणारच," असं आमची लेक म्हणायची. एका संध्याकाळी तो फट्‌ आवाज करून काळा झाला आणि आमच्या ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "आता घ्यायचा तर एकदाच. मोठा. भिंतभर. दुकानातला सगळ्यात उत्तम."

मला ठसका लागला. चपलेचा अंगठा तुटला तर चांभाराकडून पुन्हा पुन्हा शिवून घेणारा हा माणूस. भिंतभर काही असू शकतं, हेच ह्यांना ठाऊक आहे असं मला वाटलं नव्हतं.

"मोठा कशाला?" मी विचारलं.

"लहान टीव्हीत काही दिसत नाही."

हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं. आईपणाचा हा एक रोग आहे. दुसऱ्यांना जे बोलणं वाटतं ते आम्हाला लक्षण वाटतं.

ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात हे शेड तपासतात. गिऱ्हाइकाकडून बोटभर कापडाचा नमुना येतो आणि त्या रंगाचं ढीगभर कापड कारखान्याला काढून द्यायचं असतं. तयार कापडाचा तुकडा आणि नमुना हे शेजारी शेजारी दिव्याखाली धरतात, मान डावीकडे कलती करतात आणि "बसला" किंवा "नाही बसला" असं सांगतात. "बसला" म्हणाले की ट्रक सुटतो. हेच काम करणारं एक यंत्रही तिथे आहे, पण मालक यंत्र सोडून ह्यांच्याकडेच बघतात. कारखान्यात ह्यांना शेडमास्तर म्हणतात. घरातही, पण पाठीमागे.

लग्नाआधी हिरवा हा एक रंग असतो अशी माझी समजूत होती. नंतर कळलं की ते एक अख्खं गाव आहे आणि त्यातलं प्रत्येक घर ह्यांच्या ओळखीचं आहे. लेक बालवाडीत असताना तिने काढलेल्या चित्राला बाईंनी तारा दिला होता. हे ते चित्र हातात घेऊन म्हणाले, "आकाश आजारी दिसतंय." ती बिचारी रात्री झोपेपर्यंत आकाशाला औषध द्या म्हणून माझ्यामागे लागली होती. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम पडून गेला. पैसा, पाहुणे, पोरीचा अभ्यास, ह्या सगळ्यात वाद घालायचा. रंगात नाही. रंगात शेवटचा शब्द ह्यांचा.

नियम चांगला होता. गेल्या वर्षापासून तो आम्हाला महागात पडायला लागला.

आधी हॉलच्या भिंती. ह्यांनी रंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून पांढरा बनवून घेतला. "अजून निळा टाक. अजून. अरे, पिवळट दिसतोय, टाक." रंगवाला शहाणा, त्याने टाकला. आता आमच्या हॉलमध्ये बसलं की फ्रीजमध्ये बसल्यासारखं वाटतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "छान आहे हो निळा." हे म्हणाले, "निळा? पांढरा आहे." मावशींनी चहा गरम गरमच संपवला आणि निघाल्या.

मग शर्ट. "तू हल्ली नीट धूत नाहीस, पिवळे पडलेत." मी शर्टांना नीळ देत गेले, देत गेले, शेवटी कारखान्यातल्या कोणीतरी ह्यांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात नोकरी धरली का. त्यानंतर घरातले दिवे. दिवे मळलेत म्हणून बदलले. नवेही मळलेले निघाले. असा मळलेला माल विकणाऱ्या दुकानदाराची ह्यांनी कानउघाडणी केली. तो अजून मला रस्त्यात बघितलं की वाट बदलतो.

मी काही डोळ्यांची डॉक्टर नाही, पण महाविद्यालयात शिकलेली आहे आणि काळजी करण्यात तर पदवीच्याही पुढे गेलेली आहे. मला कधीच कळून चुकलं होतं. एकदा मी अगदी सहज, भाजी चिरता चिरता म्हटलंही, "डोळे दाखवून यायचे का एकदा?"

"कोणाचे?"

"तुमचे."

गवयाला जाऊन विचारावं की तुमचा गळा तपासायचा का, तसा चेहरा झाला. पुढे दोन दिवस माझ्याशी बोलणं फक्त मीठ आणि वर्तमानपत्र ह्या विषयांपुरतं राहिलं. त्यानंतर मी तो प्रश्न भांडी घासताना भांड्यांना विचारायला लागले. भांडी निदान रुसत नाहीत.

आणि टीव्ही जायच्या थोडं आधी कारखान्यात एक लॉट परत आला. ऑर्डर होती गडद निळ्या कापडाची, आणि त्यात काळ्याचे तागे मिसळून गेले होते. ह्यांच्या "बसला"वर. घरी येऊन ह्यांनी गिऱ्हाइकाच्या ट्यूबलाइटला नावं ठेवली. पण मालकांनी सांगितलेलं होतं, आणि तेही ह्यांनीच मला सांगितलं, बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता: "पुन्हा असं झालं तर शेडचं काम यंत्रावर जाईल. मी गोदाम बघायचं."

गोदाम म्हणजे खोकी. आयुष्यभर रंगांना नावाने हाक मारणाऱ्या माणसाने खोकी मोजायची. आणि ह्या सगळ्यावर उपाय म्हणून आमच्या घरात काय ठरलं? टीव्ही. भिंतभर.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. तिथे काळा कोट घातलेली, कपाळावर किंचित आठी असलेली एक विक्रेती होती. तिने आम्हाला सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर उभं केलं. टीव्हीच्या दुकानात कधी बातम्या लागत नाहीत. तिथे फक्त फळं पिकतात, हळूहळू कापली जातात, पोपट उडतात आणि मध ओघळतो. त्या पडद्यावरचं डाळिंब माझ्या डोक्याएवढं होतं. मला पहिला विचार आला, हा भिंतीवरून खाली आला तर कोणावर येईल. किमतीच्या कार्डावरचा आकडा मी आधी फोन नंबर समजून वाचला.

"सर, हा शंभर कोटी रंग दाखवतो," विक्रेती म्हणाली.

"आणि पांढरा?"

"पांढरा... त्यातच आला ना सर."

ह्यांनी पिशवीतून कापडाचे तुकडे काढले. हो, घरून आणले होते. पांढऱ्याचा तुकडा पडद्यावरच्या ढगाशेजारी धरला, मान डावीकडे कलती केली. मागे एक जोडपं हसलं. मी अनोळखी असल्यासारखी वॉशिंग मशीनकडे बघत राहिले.

"ह्याला कावीळ झालीये," हे म्हणाले.

दुसऱ्यालाही कावीळ निघाली. तिसऱ्याला जरा कमी, पण होतीच. त्या दुकानात एकही टीव्ही धडधाकट नव्हता. दुसऱ्या दुकानातही साथ पसरलेली होती. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पहिल्या दुकानात आलो तेव्हा विक्रेती आम्हाला बघून लगबगीने आतल्या खोलीत गेली. मला तिचा राग आला नाही. मलाही जायचं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र तिने डोकं चालवलं. सरळ रिमोट ह्यांच्या हातात दिला. "सर, तुम्हीच लावा. तुमच्यासारखी नजर आमच्याकडे कोणाची आहे?"

ह्यांची छाती फुगली. पडद्यावर समुद्रकिनारा होता, एक बाई बाळाला कडेवर घेऊन हसत होती. ह्यांनी लाल कमी केला, निळा वाढवला. पांढरा तुकडा धरून पाहिला. अजून वाढवला. बाईचा चेहरा आधी फिका पडला, मग तिला सर्दी झाल्यासारखं वाटलं, मग ती समुद्रातून नुकतीच, पण फार उशिरा, बाहेर काढल्यासारखी दिसायला लागली. बाळाचंही तेच. तरी दोघं हसतच होते. शेजारच्या टीव्हीसमोरची माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली.

हे दोन पावलं मागे आले. मान डावीकडे. तुकडा वर.

"बसला," म्हणाले.

"एकदम परफेक्ट, सर. बिल करू?" विक्रेती म्हणाली.

मी लेकीचं कोपर धरलं होतं. नियम म्हणजे नियम. पण तिने कोपर सोडवून घेतलं.

"बाबा, ती बाई निळी आहे."

"तुला शेडमधलं काय कळतं?"

"शेडमधलं नाही कळत. बाई कळते. बाई निळी आहे, बाबा. बाळ पण."

हे विक्रेतीकडे वळले. "तुम्ही सांगा हो."

"सर, शेवटी ज्याची त्याची आवड असते," ती म्हणाली. ही विक्रेती दुकानात टिकणार.

मग हे माझ्याकडे वळले. "अगं, तू बोल. तू इतकी वर्षं बघतेयस."

म्हणजे काय बघतेय, हे मलाच ठाऊक. आत्ता "हो, बसला" म्हटलं की निळी बाई घरी येणार, निळ्या भिंतीवर बसणार. तेही चाललं असतं. पण सोमवारी हे पुन्हा दिव्याखाली उभे राहणार, पुन्हा "बसला" म्हणणार, ट्रक सुटणार, आणि तो परत आला की गोदाम. खरं बोलले तर इथेच, भर दुकानात, पोपटांसमोर, ह्यांच्याकडे असलेली एकमेव गोष्ट मी काढून घेणार.

"निळी आहे हो," मी म्हटलं. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर ते बंद होईना. "हॉल निळा आहे. तुमचे शर्ट निळे आहेत. दिवे चांगले होते, सगळे. काल तुम्ही एक काळा आणि एक निळा मोजा घालून गेलात."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकता का?"

ह्यांनी पिशवीत हात घालून कापडाचे दोन गडद तुकडे काढले आणि लेकीसमोर धरले. "ह्यातला काळा कुठला?"

तिने बघताक्षणी बोट ठेवलं. ह्यांनी तुकडा उलटला. मागे चिठ्ठी होती, तिच्यावर रंगाचं नाव होतं. लेकीचं बरोबर होतं. ह्यांनी ते दोन्ही तुकडे खिडकीजवळ नेले, उजेडात धरले, मान कलती केली. फार वेळ तसेच उभे राहिले. आम्ही दोघी तिथे उभ्या, आणि पडद्यावर ती बाई हसतेय.

"बिल राहू द्या," शेवटी म्हणाले.

शोरूमच्या जिन्यात, एका पायरीवर उभं राहून ह्यांनी मालकांना फोन लावला. मला वाटलं होतं, आधी डॉक्टरकडे जातील, जरा सावरतील, गोड शब्दांत काहीतरी रचतील. तसलं काही येतच नाही ह्या माणसाला.

"साहेब, शुक्रवारी मी पास केलेला निळा लॉट उद्या पाठवू नका. यंत्रावर बघून घ्या. हो, माझा बसला होता. नाही, लाइटचा प्रश्न नाही... डोळ्यांचा आहे. माझ्या."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. हे "बरं" म्हणाले, पुन्हा "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. लेकीने त्यांचा दंड धरला. ह्यांनी तो सोडवून घेतला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बराच पिकलेला. "इतके दिवस कसं बघत होता तुम्ही? चहाच्या रंगाच्या काचेतून बघितल्यासारखं दिसत असेल." हे म्हणाले, "मला वाटलं जगच मळलंय." मी घाबरून विचारलं, हे लेकीला पण होतं का. बाई म्हणाल्या, वय झालं की सगळ्यांनाच होतं. ह्याला दिलासा म्हणतात म्हणे.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. मधले आठवडे हे गोदामातच होते. शुक्रवारच्या लॉटमध्ये यंत्राला खरंच काळे तागे सापडले होते, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. घरी येऊन एक डोळा मिटायचे, मग दुसरा, आणि एका डोळ्याला निळी, दुसऱ्याला पांढरी दिसणाऱ्या हॉलच्या भिंतीला आळीपाळीने डोळा मारायचे. मावशींनी एकदा खिडकीतून पाहिलं आणि त्या पुन्हा चहाला आल्या नाहीत.

दुसरा डोळा बरा झाल्यावर मालकांनी ह्यांना परत दिव्याखाली उभं केलं, पण एका अटीवर. आधी यंत्र, मग मास्तर, आणि दोघांचं पटलं तरच ट्रक. हे रोज यंत्राच्या कागाळ्या घेऊन घरी येतात. यंत्राची अजून तक्रार आलेली नाही.

टीव्हीसाठी आम्ही पुन्हा गेलो. आम्हाला दारात बघून विक्रेतीने खोल श्वास घेतला. पण ह्या वेळी पिशवी नव्हती. हे ओळीने सगळ्या टीव्हींसमोरून गेले आणि शेवटच्यासमोर, मध ओघळत असताना, बराच वेळ थांबले.

"सगळेच चांगले आहेत गं," म्हणाले.

आता सगळेच चांगले असल्यावर मोठा कशाला, लहानही दिसतो, असं मी सुचवून पाहिलं. लेकीने आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. भिंतभरच आला. लावायला आलेल्या माणसाला स्क्रू पक्के आहेत ना हे मी इतक्या वेळा विचारलं की त्याने शेवटी टीव्हीला लोंबकळून दाखवू का म्हणून विचारलं.

रिमोट ह्यांनी लेकीच्या हातात दिला. "तू लाव रंग."

तिने बिनदिक्कत सगळ्यात भडक सेटिंग निवडलं. बातम्या देणारा माणूस गाजरासारखा झाला, मागचा नकाशा पेटला. ह्यांच्या कपाळाची शीर मला दुरूनही दिसली. तोंड उघडलं, मिटलं.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"छान," आम्ही दोघी म्हणालो.

"खरं सांगा."

"भडक आहे," लेक म्हणाली. "पण मला आवडतोय, बाबा."

"भडक आहे," हे म्हणाले. मग नवे डोळे एकदा चोळले, गाजराकडे पाहिलं आणि लेकीला जरा सरकायला सांगून तिच्या शेजारी बसले.