भरलेलं फुलपात्र

तात्या गेले ती दुपार मला छान आठवते, आणि हेच माझं दुखणं आहे. फाल्गुनातलं ऊन ओसरीवर आलं होतं, अंग हलकं झालं होतं, कुणी काही मागत नव्हतं. माझी आठवण एवढीच. बाकीचं सगळं अक्काचं आहे.

अक्का माझी थोरली बहीण. ती सांगते ते असं: तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तीनदा पाणी मागितलं. ती मागच्या दारी भांडी घासत होती; तिला वाटलं, मुलगा उशाशी आहे, देईल. आत आली तेव्हा तात्यांचे ओठ कोरडे, डोळे उघडे, आणि मी फुलपात्र हातात धरून डुलत बसलेलो. थेंबसुद्धा सांडला नव्हता.

मी धार दरबारचा वसुली कारकून. इकडे ठाकुरांच्या बैठकीत पाण्यात विरघळवलेली अफू यजमान स्वतःच्या तळहातावरून पाजतो. नाही म्हटलं तर अपमान. मी पहिल्यांदा मान राखायला म्हणून घेतली. पुढे मान राखायला समोर कुणी नसलं तरी घेऊ लागलो. तात्यांच्या तेराव्यानंतर अक्का महिनाभर राहिली, तेव्हा अफू सुटली. कशी सुटली ते माझ्या हाडांना ठाऊक.

तेव्हापासून दरवर्षी तात्यांच्या तिथीला अक्का देवासहून बैलांच्या दमणीतून येते. जेवणं उरकली की मी म्हणतो, "अक्का, सांग." ती सांगते. नेमक्या त्याच दिवसांत शेतांत अफूची बोंडं चिरतात, वाऱ्यावर वास येतो, आणि माझी छान दुपार मला बोलावू लागते. मग अक्काची दुपार मध्ये उभी राहते.

यंदा मात्र ती म्हणाली, "अरे, दोन घोट घेतले होते त्यांनी तुझ्या हातून. आता आठवतंय मला."

खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिरल्याला काम होतं. ठाकुरांनी तळहात पुढे केला. "लो पंडितजी, आज नी मत कीजो. हर बखत बामण को पेट दुखे है!" बैठक हसली. एरवी मीही हसून, पोटदुखीचं निमित्त सांगून मागे सरकतो. यंदा मनात ते दोन घोट होते. मी वाकलो. ओठांना ओल लागली, आणि तात्यांचे कोरडे ओठ आठवले. म्हणजे अक्काने सांगितलेले. तसाच उठलो. जोडे तिथेच राहिले.

घरी अक्का वळकटी बांधत होती.

"अक्का, फुलपात्र भरलेलं होतं ना?"

"तुला बरं वाटावं म्हणून बोलले रे."

"वाटलं ना. म्हणूनच आज तोंड लावलं."

तिने दोरी सोडून दिली. "भरलेलं होतं, मेल्या. काठोकाठ. पण मला किती वर्षं तेच बोलायला लावशील? तीनदा ऐकलं मी. हात राखेचे होते म्हणून उठले नाही. माझेही वडीलच होते ना ते?"

दरवर्षी ती हेच सांगत होती. मी त्यातलं माझं तेवढं ऐकत आलो.

पुढच्या तिथीला अक्काने यावं, जेवावं, विडा खावा आणि जावं. सांगायचं काम माझं. तोंडात बसावं म्हणून आधी इथे लिहून काढलं. दोन घोट नव्हते. एकही नव्हता.